तेलाचा ईटीएफ घ्यायचाय? आधी कुठलं तेल ते ठरवा

चेंबूरला आमच्या गच्चीवरून माहुलच्या रिफायनरीची ज्वाला दिसते. एचपीसीएल आणि बीपीसीएल, दोन्ही कंपन्यांच्या रिफायनऱ्या तिथे शेजारी-शेजारी आहेत. मध्यंतरी भाचा राहायला आला होता. रात्री गच्चीत उभा राहून म्हणाला, "मामा, क्रूड तापलंय. यांची तर चांदीच असेल. तेलाचा एखादा ईटीएफ घेऊन टाकू का?"

"चांदी कसली, यांच्या पोटात गोळा आला असेल," मी म्हटलं.

त्याला ते पटेना. पटवायला तासभर लागला. त्या तासाभरात जे बोललो तेच इथे पायरीपायरीने लिहितोय. हे नवख्यांसाठी आहे, म्हणून दोन शब्द आधीच सांगतो : क्रूड म्हणजे कच्चं तेल, आणि ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड. ज्यांना ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांतला फरक पाठ आहे, त्यांनी थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली तरी चालेल.

पायरी १ : ‘तेल’ म्हणजे नेमकं काय घेताय?

सोन्याच्या ईटीएफचं सरळ असतं. फंड खरोखरचं सोनं घेऊन तिजोरीत ठेवतो आणि तुमच्या युनिटमागे ते सोनं उभं असतं. तेलाचं तसं करता येत नाही. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. ते साठवायला टाक्या हव्यात, विमा हवा, राखण हवी. म्हणून ‘तेलाचा ईटीएफ’ या एका नावाखाली बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात. भारतीय तेल-वायू कंपन्यांचे शेअर घेणारा ईटीएफ ही पहिली, परदेशी तेल कंपन्यांचे शेअर घेणारा ही दुसरी, आणि शेअर न घेता तेलाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने माल घेण्याचे करार, घेणारा ही तिसरी.

यातला तिसरा प्रकार भारतात मिळत नाही. आपल्याकडे वस्तूंचे ईटीएफ आहेत ते सोन्याचे आणि चांदीचे, बस्स. तेव्हा कुणी तुम्हाला ‘भारतातला क्रूडचा ईटीएफ’ सुचवत असेल, तर तो शेअरांचाच असणार हे धरून चाला. शेअर आणि तेलाचा भाव यांचं नातं सख्ख्या भावांसारखं नाही, दूरच्या चुलत भावांसारखं आहे. लग्नकार्यात भेटतात, एरवी आपापल्या घरी.

पायरी २ : पोटात काय आहे ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ईटीएफ स्वतःचं डोकं चालवत नाही, एखाद्या निर्देशांकाची नक्कल करतो. तेलासाठी आपल्याकडचा सरळ निर्देशांक म्हणजे निफ्टी ऑइल अँड गॅस. त्यात पंधरा शेअर आहेत. त्यावर आधारलेला आयसीआयसीआय प्रुडेन्शियलचा ईटीएफ २०२४ मध्ये आला. दुसरा एक निर्देशांक आहे निफ्टी एनर्जी. नाव ऐकून फसू नका, त्यात वीज कंपन्या आणि कोळसाही आहे. मार्च २०१४ मध्ये आलेल्या सीपीएसई ईटीएफमध्ये ओएनजीसी आणि ऑइल इंडिया आहेत खऱ्या, पण त्यांच्या बरोबरीने एनटीपीसी, पॉवर ग्रिड, भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि कोल इंडियाही बसल्यात. तो सरकारी कंपन्यांचा ईटीएफ आहे, तेलाचा म्हणून घेऊ नका.

आता तेलवाल्या पंधरांकडे नीट बघा. त्यांचे ढोबळमानाने चार गट पडतात.

जमिनीतून किंवा समुद्रातून तेल काढणाऱ्या कंपन्या म्हणजे ओएनजीसी आणि ऑइल इंडिया. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात साधारण १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे. तिथे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने तेल शोधलं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं, आणि ते तेल-वायू समुद्राखालच्या नळांनी उरणला येतं. क्रूड महागलं की यांच्या मालाला जास्त पैसे मिळतात.

दुसरा गट क्रूड विकत घेऊन पेट्रोल-डिझेल बनवून विकणाऱ्यांचा : इंडियन ऑइल, बीपीसीएल, एचपीसीएल. क्रूड हा यांचा कच्चा माल. भारत आपल्या गरजेतलं ८५ टक्क्यांहून जास्त क्रूड बाहेरून आणतो. ते महागलं आणि पंपावरचा भाव वाढवू दिला नाही, तर मधला फरक यांच्या खिशातून जातो. एप्रिल २०२२ पासून पंपावरचे भाव बराच काळ गोठले होते तेव्हा नेमकं हेच झालं, आणि त्या वर्षी या कंपन्यांनी तोट्याच्या तिमाह्या दाखवल्या. गच्चीवरचा माझा ‘पोटात गोळा’ तो हा.

तिसरा गट वायूचा. त्यात गेल, पेट्रोनेट एलएनजी आणि शहरांत पाइपने गॅस पोचवणाऱ्या महानगर गॅस, इंद्रप्रस्थ गॅस यांसारख्या कंपन्या येतात. यांचं गणित क्रूडच्या भावापेक्षा सरकारने दिलेल्या स्वस्त देशी वायूच्या कोट्यावर जास्त अवलंबून असतं. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो कोटा लागोपाठ दोनदा कापला आणि हे शेअर सडकून पडले. जगातल्या तेलाच्या भावाशी त्याचा संबंध नव्हता.

चौथा गट एकाच कंपनीचा, रिलायन्सचा. पुनर्रचनेच्या वेळी एका शेअरला ३३ टक्क्यांपेक्षा जास्त वजन द्यायचं नाही असा क्षेत्रीय निर्देशांकांचा नियम आहे, आणि रिलायन्स त्या मर्यादेच्या आसपासच वावरते. जामनगरची रिफायनरी तिच्याकडे आहेच, पण जिओ आणि रिटेल दुकानंही आहेत. म्हणजे तेलाच्या नावाने घातलेल्या शंभर रुपयांतले काही रुपये चक्क मोबाइल रिचार्ज आणि किराणा यांत जातात. माझी त्याला हरकत नाही, फक्त घेताना माहीत हवं.

आणि या चौघांच्या डोक्यावर बसलेला पाचवा खेळाडू म्हणजे दिल्ली. ४ ऑक्टोबर २०१८ ला सरकारने तेल कंपन्यांना लिटरमागे एक रुपया स्वतः सोसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एचपीसीएल आणि बीपीसीएल २० टक्क्यांहून जास्त आपटले. ओएनजीसी पंपावर पेट्रोल विकत नाही, तरी तीही जोरात पडली, कारण पूर्वीसारखा सबसिडीचा बोजा आपल्यावर येईल अशी लोकांना धास्ती वाटली. मग उलट प्रसंग. १ जुलै २०२२ ला देशातल्या क्रूडवर आणि इंधनाच्या निर्यातीवर जादा नफ्याचा कर बसला. त्या दिवशी ओएनजीसी १० टक्क्यांहून जास्त खाली आला, रिलायन्सही घसरला. भाव पडले तर तोटा तुमचा, आणि भाव फार चढले तर वरची साय सरकार काढून घेणार. तो कर डिसेंबर २०२४ मध्ये उठला, पण पुन्हा लागणारच नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही.

तर फॅक्टशीट, म्हणजे फंडाचं माहितीपत्रक, उघडा, पहिले पाच शेअर आणि त्यांची टक्केवारी कागदावर उतरवा, आणि प्रत्येकापुढे लिहा : क्रूड वाढलं तर याचं भलं की वाईट? भाच्याने ते केलं आणि म्हणाला, "अरे, हे तर एकमेकांना कापतायत." बरोबर. असा ईटीएफ म्हणजे तेलाच्या भाववाढीवर लावलेली पैज नव्हे. भारताच्या तेल-वायू धंद्यातला तो वाटा आहे. लाभांश बरा असतो, चढउतार भरपूर. तसं समजून घ्या, मग चूक होणार नाही.

पायरी ३ : खातं आणि खरेदी

खात्याबद्दल फार लिहीत नाही. शेअरसाठी जे डिमॅट आणि ट्रेडिंग खातं लागतं तेच इथे लागतं. पॅन, आधार, बँक खातं, झालं.

खरेदीबद्दल मात्र लिहिणार, कारण इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. काही वर्षांपूर्वी असाच एक क्षेत्रीय ईटीएफ घ्यायचा होता. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला, नऊ सोळाला मी मोबाइलवर पाच हजार युनिटांची मार्केट ऑर्डर टाकली आणि चहा घ्यायला गेलो. परत येऊन बघतो तर युनिटची किंमत त्या वेळी ११ रुपये ४० पैसे असायला हवी होती आणि मला सरासरी ११ रुपये ९२ पैशांना पडली होती. युनिटमागे ५२ पैसे म्हणजे २६०० रुपये, एका चहात! ब्रोकरच्या मदत-क्रमांकावर फोन केला. पलीकडचा मुलगा फार नम्रपणे म्हणाला, "सर, ऑर्डर मार्केटची होती."

त्याचं बरोबर होतं. ईटीएफला दोन किमती असतात. आतल्या शेअरांवरून निघणारी खरी किंमत ही एक, तिला आय-नॅव्ह म्हणतात आणि फंड कंपनीच्या वेबसाइटवर ती बाजाराच्या वेळेत सतत बदलताना दिसते. दुसरी बाजारातली किंमत, जी विकणारा मागेल ती. उलाढाल भरपूर असली की दोन्ही चिकटून चालतात. उलाढाल कमी असली की विकणाऱ्यांची रांग तुटक असते, आणि मार्केट ऑर्डर त्या रांगेत वर-वर चढत जाऊन मिळेल त्या भावाला माल उचलते.

आता मी असं करतो. सकाळचा पहिला अर्धा तास आणि दुपारचा शेवटचा अर्धा तास सोडून देतो. आय-नॅव्ह बघतो. मग मार्केट डेप्थ उघडतो, त्यात डावीकडे घेणाऱ्यांचे पाच भाव असतात आणि उजवीकडे विकणाऱ्यांचे. समजा आय-नॅव्ह ११.४०, वरचा घेणारा ११.३८ ला आणि वरचा विकणारा ११.४३ ला उभा आहे, आणि प्रत्येकापुढे हजारो युनिटांचा आकडा आहे, तर तब्येत ठीक आहे. मी ११.४१ ची लिमिट ऑर्डर, म्हणजे ‘याहून महाग नको’ अशी ऑर्डर, लावतो आणि फोन बाजूला ठेवतो. मिळालं तर मिळालं, नाही तर उद्या. विकणाऱ्यापुढे दोनशे-तीनशेच युनिट दिसत असतील आणि पुढचा भाव एकदम बारा रुपयांवर असेल, तर त्या ईटीएफच्या वाटेला जायचं नाही, मग खर्चाचं प्रमाण कितीही कमी असो. घेताना त्रास झाला त्याच्या दुप्पट विकताना होतो.

खर्चाचं प्रमाण म्हणजे एक्स्पेन्स रेशो, तेही बघा. पण नवखे लोक तेवढंच बघतात. त्याच्या शेजारी ‘ट्रॅकिंग डिफरन्स’ लिहिलेलं असतं. निर्देशांकाने वर्षात किती दिलं आणि फंडाने किती दिलं यातली तफावत तिथे कळते. माझ्या मते तो आकडा जास्त बोलका.

पायरी ४ : परदेशातलं तेल

अमेरिकेच्या बाजारात निवड मोठी आहे. कंपन्यांच्या शेअरांचा सगळ्यात ठळक ईटीएफ म्हणजे एक्सएलई. तो १९९८ पासून आहे आणि एक्झॉनमोबिल आणि शेव्हरॉन या दोघी त्याच्या पोटात सर्वांत जाड. तिथे पंपावरचा भाव सरकार ठरवत नाही, म्हणून क्रूडशी त्याचं नातं आपल्या ईटीएफपेक्षा घट्ट.

पण ज्याच्यासाठी लोक हटकून तिकडे जातात तो म्हणजे २००६ मध्ये निघालेला युनायटेड स्टेट्स ऑइल फंड, म्हणजेच यूएसओ. हा वायद्यांचा फंड. याची मेख समजायला लासलगावला जाऊ. व्यापारी आज कांदा घेऊन चाळीत ठेवतो. तीन महिन्यांनी विकताना तो चाळीचं भाडं, सड आणि पैशाचं व्याज भावात धरणारच. म्हणून पुढच्या तारखेचा भाव आजच्यापेक्षा चढा. तेलाच्या वायद्यांतही पुष्कळदा असंच असतं आणि त्या स्थितीला कॉन्टँगो म्हणतात. फंडाला तेल घरी आणायचं नसतं, त्यामुळे मुदत संपायच्या आत जुना वायदा विकून पुढच्या महिन्याचा घ्यावा लागतो. जुना ५० डॉलरला विकला, नवा ५२ ला घेतला : शंभर बॅरलांच्या पैशांत ९६ बॅरल आले. दर महिन्याला एवढाच फरक राहिला, तर भाव वर्षभर जागचा न हलताही शंभरातले बासष्टच उरतात.

हे नुसतं गणित नाही. २०२० च्या सुरुवातीला अमेरिकी क्रूड साधारण ६१ डॉलर होतं. २०२१ च्या मध्यावर ते सत्तरच्या वर गेलं होतं. ज्याने यूएसओ धरून ठेवला त्याचं युनिट तोवर जवळपास निम्म्यावर आलं होतं. मधे आठ युनिटांचं एक केलं होतं, ते धरूनच हा हिशेब आहे. कधी उलटंही होतं, म्हणजे पुढचा महिना स्वस्त असतो आणि बदलीत फायदा मिळतो. २०२२ मध्ये तसं होतं. नैसर्गिक वायूचा तसाच फंड आहे, यूएनजी. वायू साठवणं तेलाहून कठीण, त्यामुळे त्याची झीज आणखी भयंकर. लांब मुदतीसाठी मी या दोघांना हात लावणार नाही.

भारतीयांसाठी आणखी एक अडचण. यूएसओ ही कायद्याने भागीदारी आहे, आणि अशा भागीदारीचे युनिट परदेशी माणसाने विकले तर विक्रीच्या सगळ्या रकमेतून, नफ्यातून नव्हे, १० टक्के कापून घेण्याचा अमेरिकी नियम २०२३ पासून लागू आहे. ब्रोकरला आधी विचारा.

पैसे पाठवायचे ते रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून. मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो पुढे आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. शिवाय परदेशातलं खातं आणि युनिट विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात, रक्कम दहा हजार असली तरी. लोक हे विसरतात आणि मग नोटीस आली की सीएकडे धावतात.

एक आडवाट, न जाण्यासाठी

"मग एमसीएक्सवर सरळ क्रूडच घेतो की," असं भाचा म्हणालाच. एमसीएक्स म्हणजे आपल्याकडचा वस्तूंचा वायदेबाजार. तिथे शंभर बॅरलांचा एक लॉट, छोटा लॉट दहाचा. थोडी अनामत भरून मोठा सौदा करता येतो, तीच गोम. २० एप्रिल २०२० ला टाळेबंदीमुळे एमसीएक्स संध्याकाळी पाचला बंद झालं, तेव्हा भाव होता ९६५ रुपये बॅरल. रात्री अमेरिकेत कुशिंग या तेलसाठ्याच्या गावातल्या टाक्या भरत आल्याने तेल घ्यायलाच कुणी तयार होईना आणि भाव शून्याच्या खाली, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. इथला हिशेब मग उणे २८८४ रुपयांनी झाला. पाचला ज्याच्याकडे एक लॉट होता, त्याला रात्री झोपेत बॅरलमागे ३८४९ रुपये, म्हणजे लॉटमागे ३ लाख ८४ हजार ९०० रुपयांचा फटका बसला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. ईटीएफमध्ये निदान घातलेल्या पैशांपलीकडे देणं लागत नाही.

पायरी ५ : किती, आणि कर

तुमच्याकडे निफ्टी ५० चा इंडेक्स फंड असेल तर रिलायन्स आणि ओएनजीसी आधीच घरात आहेत. त्यावर तेलाचा वेगळा ईटीएफ म्हणजे वरणावर आणखी तूप. मी स्वतः शेअरांतल्या एकूण पैशांच्या ५ टक्क्यांवर जात नाही, आणि तेही एकदम न घालता सहा-आठ महिन्यांत तुकड्यातुकड्याने. टीव्हीवर आखातातलं तेल जिथून जातं त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीचा नकाशा दिसायला लागला की त्या आठवड्यात नवी खरेदी बंद. नकाशा घरोघरी पोचेपर्यंत भावात ते सगळं येऊन गेलेलं असतं.

भारतीय शेअरांच्या ईटीएफवर जुलै २०२४ पासून असं आहे : वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर १२.५ टक्के, आणि वर्षाकाठी सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त. परदेशी ईटीएफ दोन वर्षांनी विकला तर १२.५ टक्के, त्याआधी तुमच्या स्लॅबप्रमाणे. तिथे सव्वा लाखाची सूट नाही. अमेरिकेतून येणाऱ्या लाभांशातून तिथेच २५ टक्के कापतात, त्याची वजावट इथे मागता येते.

निर्देशांकाची फेरमांडणी मार्च आणि सप्टेंबरअखेर होते. त्यानंतरच्या महिन्यात फॅक्टशीट पुन्हा उघडतो आणि पहिले पाच शेअर जुन्या कागदाशी ताडून बघतो, दहा मिनिटांचं काम. भाच्याने पहिल्या महिन्यात तीनशे युनिट घेतले, लिमिट ऑर्डरने. दोन दिवस ऑर्डर लागलीच नाही, तिसऱ्या दिवशी लागली. कागद त्याने फ्रिजवर लावलाय, एचपीसीएलपुढे ‘वाईट’ असं लाल पेनाने लिहून.